जावास्क्रिप्टमधील मॉड्यूल-पद्धती

संगणकाच्या मोठ्या आज्ञावलीचे, स्वतंत्रपणे लिहिता, तपासता व बदलता येतील असे भाग पाडण्याची आणि एका भागातील साहित्य दुसऱ्या भागात नावाने मागवून वापरण्याची व्यवस्था. अशा प्रत्येक भागास मॉड्यूल म्हणतात. जावास्क्रिप्ट ही संगणकीय भाषा १९९५ मध्ये वेबपृष्ठांसाठी निर्माण झाली. ब्राउझरच्या कक्षेतून बाहेर पडून ती सर्व्हरवर, म्हणजे इतर संगणकांना माहिती व सेवा पुरविणाऱ्या संगणकावर, खऱ्या अर्थाने रुजली ती २००९ नंतर. या स्थित्यंतरात मॉड्यूल-पद्धतीचा वाटा मोठा आहे. मूळ भाषेत अशी कोणतीच व्यवस्था नव्हती; ती प्रथम वापरणाऱ्यांनी आपापसांत ठरविलेल्या संकेतांतून उभी राहिली आणि पुढे भाषेच्या प्रमाणग्रंथात वेगळ्याच स्वरूपात आली. परिणामी एकाच भाषेत आयातीच्या दोन पद्धती दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदल्या. नवशिक्याला गोंधळात टाकणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या इतिहासात आहे.

कल्पना स्पष्ट होण्यासाठी ठाणे जिल्ह्यातील एक छोटे उदाहरण घेता येईल. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे ओळीने लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे ५,०६,०९८, २,५३,४७५ आणि १,७४,२२६ होती. ही नावे व हे आकडे एका फाईलमध्ये ठेवले, बेरीज व तुलना करणाऱ्या क्रिया दुसऱ्या फाईलमध्ये लिहिल्या आणि विचारणा करणाऱ्यास उत्तर पाठविणारा भाग तिसऱ्या फाईलमध्ये ठेवला, तर नव्या जनगणनेचे आकडे हाती आल्यावर फक्त पहिली फाईल बदलावी लागते. बेरीज करणाऱ्या फाईलला आकडे कोठून आले याच्याशी कर्तव्य नसते. तिला ‘शहरे’ नावाची यादी मिळाली म्हणजे ती ९,३३,७९९ हे उत्तर देते. काय उघड करावयाचे व काय झाकून ठेवावयाचे, हे मॉड्यूल लिहिणारा ठरवितो. उघड करण्यास निर्यात व मागवून घेण्यास आयात अशा संज्ञा आहेत. यंत्रोद्योगात वाढलेल्या अंबरनाथसारख्या गावात हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये : आटे ठरलेल्या मापाचे असले, की बोल्ट कोणत्या कारखान्यातून आला हे नटाला विचारावे लागत नाही.

पूर्वपीठिका : तयार भाग पुन्हा वापरण्याची कल्पना जावास्क्रिप्टपेक्षा फार जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात मे १९४९ मध्ये सुरू झालेल्या ‘एडसॅक’ या संगणकासाठी वारंवार लागणाऱ्या गणितांच्या लहान आज्ञावल्या कागदी फितींवर छिद्रे पाडून ठेवलेल्या असत. ज्याला जी हवी ती फीत त्याने आपल्या कामाच्या फितीत उतरवून घ्यावयाची, अशी रीत होती. मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०), डेव्हिड व्हीलर (१९२७–२००४) व स्टॅन्ली गिल या तिघांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या संग्रहाचे सविस्तर वर्णन आहे. आज्ञावलीलेखनावरील तो आरंभीच्या ग्रंथांपैकी एक होय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण झालेल्या व पुढे ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालेल्या संगणकाची स्मृती अवघी २,०४८ शब्दांची होती. इतक्या जागेत एकच गणित दोन ठिकाणी लिहिणे परवडण्यासारखे नव्हते. त्या काळी भाग पाडण्यामागील मुख्य हेतू जागेची व श्रमांची बचत हाच होता.

हेतू बदलला तो १९७२ मध्ये. त्या वर्षी डेव्हिड पार्नस यांनी आपल्या सुप्रसिद्ध निबंधात असे दाखवून दिले, की आज्ञावलीचे भाग कामाच्या क्रमानुसार पाडण्याऐवजी, पुढे बदलण्याचा संभव असलेला एकेक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा. त्यासाठी त्यांनी घेतलेले उदाहरण सूची तयार करण्याचे होते, ही गोष्ट कोशाच्या वाचकास रुचण्यासारखी आहे. त्याच दशकात स्विस शास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ (१९३४–२०२४) यांनी रचलेल्या मोड्यूला–२ या भाषेत आयात व निर्यात हे शब्द भाषेचेच अंग बनले. म्हणजे जावास्क्रिप्टचा जन्म होण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर बरेचसे ज्ञात होते.

जावास्क्रिप्टची उणीव : असे असूनही ही सोय जावास्क्रिप्टमध्ये आली नाही. नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये सुमारे दहा दिवसांत या भाषेचा पहिला आराखडा तयार केला. पृष्ठावरील एखादे बटण दाबल्यावर काय घडावे किंवा नमुन्यात भरलेली माहिती बरोबर आहे की नाही, एवढे पाहण्यापुरती ती योजलेली होती. पाचपन्नास ओळींच्या कामाला भाग कशाला पाडावयाचे, असा त्यामागील विचार असावा. एका पृष्ठावर कितीही लिपिका जोडल्या, तरी त्यांतील सर्व सार्वत्रिक नावे एकाच सामाईक आवारात येत. दोन लेखकांनी ‘यादी’ हेच नाव वापरले, की नंतर आलेली यादी आधीचीला पुसून टाकी आणि तसे झाल्याची सूचनाही मिळत नसे. लेखकांनी यावर स्वतःच तोड काढली. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनच्या आत घोषित केलेले नाव बाहेर दिसत नाही. तेव्हा संपूर्ण मजकूर एका फंक्शनच्या कवचात घालून ते तेथल्या तेथे चालवावयाचे व हवे तेवढेच बाहेर द्यावयाचे, अशी रीत रूढ झाली. पुढील सर्व व्यवस्थेचे बीज या युक्तीत आहे.

सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालविण्याचा पहिला प्रयत्नही नेटस्केपनेच १९९६ च्या सुमारास ‘लाइव्हवायर’ या नावाने केला होता. तो टिकला नाही. पुढील दशकभर ही भाषा ब्राउझरचीच मानली गेली. सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम हा ब्राउझर व त्यातील ‘व्ही-८’ हे वेगवान इंजिन प्रसिद्ध केले, तेव्हा चित्र पालटले.

कॉमनजेएस व नोड : जानेवारी २००९ मध्ये केव्हिन डँगूर यांनी एका लेखात सर्व्हरवरील जावास्क्रिप्टला काय काय हवे आहे याची यादी मांडली. तीत मॉड्यूल मागविण्याची एकसारखी रीत आणि पॅकेजे वाटण्याची व्यवस्था यांना महत्त्वाचे स्थान होते. त्यांच्या भोवती जमलेल्या गटाने प्रथम ‘सर्व्हरजेएस’ आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून ‘कॉमनजेएस’ हे नाव घेतले. या गटाने ठरविलेला संकेत विलक्षण साधा होता : मागविण्यासाठी ‘रिक्वायर’ नावाचे फंक्शन व देण्यासाठी ‘एक्स्पोर्ट्स’ नावाची वस्तू. भाषेच्या व्याकरणाला कोठेही हात लावण्याची गरज नव्हती. मे २००९ मध्ये रायन डाल यांनी व्ही-८ इंजिनावर बेतलेल्या ‘नोड’ या प्रणालीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली व नोव्हेंबरमध्ये बर्लिन येथील परिषदेत तिचे प्रात्यक्षिक दाखविले. नोडने कॉमनजेएसचा संकेत उचलला. पुढे गट विरला. पण नोडच्या प्रसाराबरोबर संकेत जगभर पोहोचला.

नोडमध्ये ‘रिक्वायर’ नेमके काय करते हे ध्यानात घेतल्यास पुष्कळ शंका मिटतात. त्याला एक नाव दिले जाते. ते नाव नोडच्या अंगभूत मॉड्यूलांपैकी एखाद्याचे असेल, उदा., फाईल वाचणारे ‘एफएस’ किंवा वेबवरील विचारणांना उत्तरे देणारे ‘एचटीटीपी’, तर ते लगेच मिळते. नाव टिंब व तिरकी रेघ यांनी सुरू होत असेल, तर मागविणारी फाईल जेथे आहे तेथून मार्ग धरून शेजारची फाईल शोधली जाते. दोन्ही नसेल, तर ते बाहेरून आणलेल्या पॅकेजाचे नाव समजून ‘नोड_मॉड्यूल्स’ या संचिकेत शोध घेतला जातो; तेथे न मिळाल्यास वरच्या संचिकेतील ‘नोड_मॉड्यूल्स’मध्ये, तेथेही नसल्यास तिच्याही वरच्या, असे थेट मुळापर्यंत. स्वतःच लिहिलेली ‘शहरे’ ही फाईल समोर असताना मॉड्यूल सापडत नसल्याचा निरोप येतो, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते, की नावाआधीचे टिंब व रेघ राहून गेलेली असते. नोडच्या दृष्टीने ‘शहरे’ आणि शेजारची ‘शहरे’ हे दोन भिन्न पत्ते आहेत.

फाईल सापडल्यावर नोड तिचा मजकूर पूर्णपणे वाचते आणि वर सांगितलेल्या युक्तीप्रमाणे एका फंक्शनच्या कवचात घालते. या कवचाला पाच गोष्टी पुरविल्या जातात : निर्यातीची वस्तू, ‘रिक्वायर’ फंक्शन, मॉड्यूलचा स्वतःचा अभिलेख, फाईलचे नाव आणि तिच्या संचिकेचा मार्ग. म्हणूनच ही नावे कोठेही घोषित न करता प्रत्येक फाईलमध्ये वापरता येतात. ती सार्वत्रिक आहेत असा समज होतो. वस्तुतः ती प्रत्येक फाईलला स्वतंत्रपणे मिळतात. नंतर मजकूर एकदाच चालविला जातो व निर्यात झालेली वस्तू जपून ठेवली जाते. तीच फाईल दहा ठिकाणांहून मागविली, तरी ती दहा वेळा चालत नाही. सर्वांना तीच एक वस्तू मिळते. लोकसंख्येची यादी एका भागाने बदलली, तर ती इतरांनाही बदललेली दिसते. हा गुण आहे आणि सावध न राहिल्यास दोषही.

कवचामुळेच उद्‌भवणारी एक चूक जवळजवळ प्रत्येक शिकणारा करतो. ‘एक्स्पोर्ट्स’ या वस्तूला एकेक गुणधर्म जोडत गेल्यास ते बाहेर पोहोचतात. परंतु ‘एक्स्पोर्ट्स’ या नावालाच नवी वस्तू दिली, तर बाहेर काहीच जात नाही. कारण ते नाव कवचात आलेला केवळ एक दुवा आहे; नोड शेवटी पाहते ती ‘मॉड्यूल.एक्स्पोर्ट्स’ या जागी ठेवलेली वस्तू. पाटीवर नवा पत्ता लिहिल्याने घर हलत नाही, तसाच हा प्रकार आहे. दोन मॉड्यूलांनी एकमेकांना मागविले, तर नोड न अडकता दुसऱ्याला पहिल्याची तोवर तयार झालेली अर्धवट वस्तू देते. अशा वेळी ‘आहे म्हणून मागविले, पण हाती रिकामे आले’ असा अनुभव येतो व दोष शोधण्यात तास जातात. यावर खरा उपाय म्हणजे दोघांना लागणारा भाग तिसऱ्या फाईलमध्ये काढणे.

पॅकेजे व परावलंबन : आयात करणे सोपे झाले, तेव्हा आयात करण्याजोगे साहित्य कोठून आणावयाचे हा प्रश्न पुढे आला. आयझॅक श्ल्यूटर यांनी जानेवारी २०१० मध्ये ‘एनपीएम’ ही पॅकेजे आणणारी आज्ञावली व तिच्याबरोबरचे सामाईक भांडार सुरू केले; २०११ च्या अखेरीपासून ती नोडबरोबरच मिळू लागली. तिची एक रचना विशेष परिणामकारक ठरली. दोन पॅकेजांना तिसऱ्या एकाच पॅकेजाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागत असतील, तर प्रत्येकाच्या खाली त्याची स्वतंत्र प्रत ठेवता येते. इतर भाषांत आवृत्त्यांच्या संघर्षाने त्रस्त झालेल्यांना हा मोठा दिलासा होता. लहान लहान पॅकेजांची संख्या भराभर वाढली. सहज म्हणून आणलेल्या एका पॅकेजामागे शेकडो पॅकेजे उतरू लागली आणि ‘नोड_मॉड्यूल्स’ या संचिकेचे आकारमान हा चेष्टेचा विषय झाला.

या सुबत्तेची दुसरी बाजू २२ मार्च २०१६ रोजी उघड झाली. एका पॅकेजाच्या नावावरून ‘किक’ या कंपनीशी वाद झाला व भांडाराने निर्णय कंपनीच्या बाजूने दिला, म्हणून अझेर कोचुलू या लेखकाने आपली सर्व पॅकेजे, संख्येने अडीचशेहून अधिक, भांडारातून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ हे अकरा ओळींचे पॅकेज होते. शब्दाच्या डाव्या बाजूस ठरावीक लांबीपर्यंत रिकाम्या जागा भरणे एवढेच त्याचे काम. बाबेलसारखी बहुतेकांच्या वापरातील साधने कित्येक पायऱ्यांनी त्यावर विसंबून होती. त्यांची उभारणी जगभर ठप्प झाली. भांडारचालकांनी काही तासांतच ते पॅकेज परत जागेवर आणले व नंतर पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले. या प्रसंगावरून लहान मॉड्यूलांची थट्टा पुष्कळ झाली. पण दोष लहानपणात नव्हता. आपण कोणावर विसंबून आहोत याची यादीच कोणाजवळ नव्हती, हे खरे दुखणे होते. मे २०१७ मध्ये एनपीएमच्या पाचव्या आवृत्तीबरोबर प्रत्येक पॅकेजाची नेमकी आवृत्ती नोंदवून ठेवणारी कुलूप-फाईल आपोआप तयार होऊ लागली, ती याच अनुभवांच्या मालिकेत. फेसबुकने इतरांच्या साहाय्याने ऑक्टोबर २०१६ मध्ये काढलेल्या ‘यार्न’ या प्रतिस्पर्धी साधनात अशी सोय आधीच होती.

याहून गंभीर प्रश्न विश्वासाचा. मॉड्यूल आयात करणे म्हणजे त्याचा मजकूर आपल्या संगणकावर, आपल्या अधिकारांनिशी चालविणे होय; ‘रिक्वायर’ नाव पाहते, हेतू पाहत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘क्रॉस-एन्व्ह’ या लोकप्रिय पॅकेजाच्या नावातील जोडरेघ वगळून केलेले दुसरे पॅकेज भांडारात आढळले. चुकून ते मागविणाऱ्याच्या संगणकावरील गुप्त माहिती ते बाहेर पाठवीत असे. उल्हासनगरच्या मालावरील ‘मेड इन यूएसए’ या शिक्क्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगण्याचा विनोद मुंबई परिसरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तेथे गिऱ्हाईक माल हाताळून घेत असे व बहुधा समजून उमजूनच घेत असे. भांडारातील सारख्या नावाचा माल मात्र न उघडताच वापरला जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ प्रकरण उघडकीस आले. मूळ लेखकाने विनावेतन सांभाळलेले हे पॅकेज मदतीस आलेल्या अनोळखी व्यक्तीच्या हवाली केले होते आणि त्या व्यक्तीने बिटकॉइन-पेटीतून चोरी करणारा मजकूर त्याच्या अवलंबितांत सोडला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये एका सांभाळकर्त्यास फसव्या पत्राद्वारे गाठून ‘चॉक’ व ‘डीबग’ या अतिशय रूढ पॅकेजांत घातक मजकूर घुसविण्यात आला. तिन्ही वेळी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या आज्ञावलीतील एकही अक्षर चुकलेले नव्हते. भांडार चालविणारी कंपनी २०२० मध्ये गिटहबने घेतली आहे. परंतु हजारो पॅकेजे सांभाळणारे बहुतांश लोक अद्यापि विनामोबदलाच काम करतात.

प्रमाणभाषेतील आयात : कॉमनजेएसची रीत ब्राउझरला मानवणारी नव्हती. सर्व्हरवर फाईल चकतीवर हाताशी असते. ‘रिक्वायर’ म्हटल्यावर क्षणभर थांबून ती वाचली तरी चालते. ब्राउझरला ती जालावरून आणावयाची असते आणि प्रत्येक फाईलसाठी सारे काम थांबविले, तर पृष्ठ गोठून जाईल. म्हणून ब्राउझरसाठी न थांबता मागविण्याचे वेगळे संकेत निघाले, तर २०११ मध्ये आलेल्या ‘ब्राउझरिफाय’ व त्यानंतरच्या ‘वेबपॅक’ या साधनांनी सर्व मॉड्यूले आधीच एका गाठोड्यात बांधून पाठविण्याचा मार्ग काढला. अखेर जून २०१५ मध्ये मान्य झालेल्या प्रमाणग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत ‘इम्पोर्ट’ व ‘एक्स्पोर्ट’ ही विधाने भाषेच्या व्याकरणात दाखल झाली.

ही विधाने व ‘रिक्वायर’ यांतील फरक केवळ शब्दांचा नाही. ‘रिक्वायर’ हे इतरांसारखेच एक फंक्शन आहे. ते अटीच्या आत, कोठेही व कधीही बोलाविता येते आणि काय मागविले जाईल हे आज्ञावली चालल्याशिवाय सांगता येत नाही. ‘इम्पोर्ट’ विधान फाईलच्या वरच्या पातळीवरच येऊ शकते व मागविलेले नाव तेथे अक्षरशः लिहिलेले असावे लागते. त्यामुळे एकही ओळ चालविण्यापूर्वी सर्व फाईलींची परस्परांशी जोडणी तपासता येते. ‘शहरे’ फाईल निर्यात करीत नसलेले ‘गावे’ हे नाव मागविले, तर आज्ञावली सुरूच होत नाही. शिवाय आयात केलेले नाव ही मूल्याची प्रत नसून मूळ नावाशी जोडलेला जिवंत दुवा असतो. ज्याला चालत्या कामात मॉड्यूल मागवावयाचे असेल, त्याच्यासाठी ‘इम्पोर्ट’चेच फंक्शनासारखे दुसरे रूप पुढे आले, ते वस्तू लगेच न देता ती येण्याचे वचन देते.

प्रमाणग्रंथाने व्याकरण ठरविले. फाईल शोधावयाची कशी, हे ठरविले नाही. नोडपुढे मोठा पेच उभा राहिला. भांडारातील लाखो पॅकेजे जुन्या रीतीची, आणि नुसता मजकूर पाहून फाईल कोणत्या रीतीची आहे हे प्रत्येक वेळी निश्चित सांगता येत नाही. दरम्यान बाबेलच्या साहाय्याने लोक ‘इम्पोर्ट’ लिहीत व त्याचे ‘रिक्वायर’मध्ये भाषांतर करून चालवीत, आपण नवी पद्धती वापरीत आहोत असा कित्येकांचा समज वर्षानुवर्षे कायम राहिला. सप्टेंबर २०१७ मध्ये नोडने ‘.एमजेएस’ या वेगळ्या नामप्रत्ययासह प्रायोगिक सोय दिली. एप्रिल २०१९ मध्ये पॅकेजाच्या माहितीपत्रकात प्रकार नोंदविण्याची रीत आली आणि नोव्हेंबर २०१९ मधील १३.२ या आवृत्तीपासून कोणतीही विशेष खूण न देता प्रमाण मॉड्यूले चालू लागली. नव्या रीतीत शेजारच्या फाईलचे नाव प्रत्ययासह पूर्ण लिहावे लागते व कवचातून मिळणाऱ्या पाच गोष्टी उपलब्ध नसतात. जुना मजकूर जसाच्या तसा नव्या फाईलमध्ये उतरविणाऱ्यास प्रथम ठेच लागते ती येथेच.

सर्वांत जाचक अडचण मिश्रणाची होती. नवी मॉड्यूले जुन्यांना आयात करू शकत. जुनी मात्र नव्यांना ‘रिक्वायर’ करू शकत नसत. नव्या मॉड्यूलला वरच्या पातळीवरच एखाद्या दूरच्या उत्तराची वाट पाहण्याची मुभा आहे आणि ‘रिक्वायर’ तर तत्काळ वस्तू देण्यास बांधलेले. हे दोन करार एकमेकांत बसेनात. २०२१ पासून अनेक लोकप्रिय पॅकेजांच्या लेखकांनी फक्त नवी पद्धती ठेवली, तेव्हा जुन्या आज्ञावल्यांचे सांभाळकर्ते कोंडीत सापडले : आवृत्ती जुनीच ठेवावी, तर दोषदुरुस्त्या मिळत नाहीत, नवी घ्यावी, तर आपली सर्व घरबांधणी बदलावी लागते. तोडगा निघाला तो तत्त्वाची मर्यादा ओळखून. वरच्या पातळीवर वाट पाहणारी मॉड्यूले तुलनेने थोडी असतात. तेव्हा तेवढी वगळून बाकीच्यांना ‘रिक्वायर’ करू द्यावे, असे ठरले. २०२४ मध्ये प्रथम प्रायोगिक खुणेसह व त्याच वर्षाच्या अखेरीस बाविसाव्या आवृत्तीतच विनाखूण ही सोय मिळाली. हा मार्ग आधीच का सुचला नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण आरंभीच्या चर्चांत दोन्ही पक्षांना आपल्या पद्धतीची शुद्धता अधिक मोलाची वाटत होती, असे दिसते.

स्वतः डाल यांनी २०१८ मध्ये बर्लिन येथेच दिलेल्या व्याख्यानात ‘नोड_मॉड्यूल्स’, माहितीपत्रक व प्रत्ययाशिवाय मागविण्याची मुभा यांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला व ‘डेनो’ ही नवी प्रणाली मांडली. तीत मॉड्यूल जालावरील पूर्ण पत्त्याने आयात करावयाचे होते. तथापि भांडारातील संचिताचे आकर्षण एवढे प्रबळ ठरले, की २०२२ मध्ये डेनोलाही एनपीएमची पॅकेजे स्वीकारावी लागली.

मराठीचा संबंध : जावास्क्रिप्टमध्ये चलांना व निर्यातींना देवनागरी नावे देता येतात, ‘शहरे’ हे वरील उदाहरणातील नाव कल्पित सोयीचे नसून प्रत्यक्ष चालणारे आहे. देवनागरीत मोठी व लहान लिपी नसल्याने, विंडोजवर चालणारी आयात लिनक्सवर केवळ अक्षराच्या मोठेपणामुळे अडते, तो रोमनमधील नित्याचा प्रकारही येथे उद्‌भवत नाही. त्याऐवजी दुसराच संभवतो. ‘ॲ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये एकसंध संकेताने लिहिता येते, तसेच ‘अ’ व त्यावरील अर्धचंद्र असे दोन संकेत जोडूनही. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात. संगणकाला ती दोन वेगळी नावे आहेत.

अधिक महत्त्वाची गोष्ट आकड्यांची व अनुक्रमाची. संख्या मराठी अंकांत व लक्ष-कोटींच्या गटांत दाखविण्याची सोय जावास्क्रिप्टच्या आंतरराष्ट्रीयीकरण विभागात आहे. परंतु तिला प्रत्येक भाषेची माहिती लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपूर्वी नोडच्या अधिकृत प्रतींत, आकारमान लहान ठेवण्यासाठी, फक्त इंग्रजीची माहिती घातलेली असे. उल्हासनगरची लोकसंख्या मराठीत मागितली, तर त्रुटीचा निरोप न येता मुकाट्याने इंग्रजी अंक व तीन-तीन अंकांचे गट मिळत. ब्राउझरमध्ये तोच मजकूर ‘५,०६,०९८’ असे दाखवी, त्यामुळे दोष आपल्या लेखनात आहे असे वाटून लोक भलतीकडे शोध घेत. उपाय म्हणजे ‘फुल-आयसीयू’ हे पॅकेज भांडारातून आणणे. मात्र ते आणून आयात केल्याने भागत नसे. त्यातील माहिती कोठे आहे, हे नोड सुरू करतानाच सांगावे लागे, कारण ती मॉड्यूलला नव्हे, तर इंजिनाला हवी असे. तेराव्या आवृत्तीपासून सर्व भाषांची माहिती मूळ प्रतीतच मिळू लागली व हे पॅकेज आणण्याची गरज संपली.

अनुक्रमाबाबत मात्र आयात करणाऱ्याने भाषा स्पष्टपणे सांगणे आजही आवश्यक आहे. न सांगता क्रम लावल्यास तो यूनिकोडमधील संकेतांकांनुसार लागतो व तेथे ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी येते. मराठी वर्णमालेत ‘ळ’चे स्थान ‘ह’नंतरचे आहे. मध्य रेल्वेच्या ठाणे जिल्ह्यातील स्थानकांची यादी नुसत्या संकेतांकांवर सोपविली, तर कळवा कसाऱ्याच्या आधी येतो. मराठी कोशाच्या क्रमाने कसारा आधी व कळवा नंतर यावयास हवा.